उजाडलं काय गं?

"उजाडलं काय गं?" असे आईने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. मी आधी छताकडे पाहिले, मग जिथे खिडकी असायला हवी होती त्या भिंतीकडे पाहिले आणि शेवटी उशाशी ठेवलेला मोबाइल उचलला. तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. वेळेपुढची बारीक अक्षरे चष्म्याशिवाय दिसेनात, म्हणून हे दुपारचे तीन की रात्रीचे, हे ठरवायला मला थोडा वेळ लागला. शेजारच्या खाटेवरच्या बैलहोंगलच्या अज्जांचा मुलगा खाली चटई टाकून झोपला होता, त्यावरून मी रात्र असल्याचा निष्कर्ष काढला. बेळगावातल्या एका खासगी रुग्णालयातला दुसऱ्या मजल्यावरचा तो वॉर्ड होता. आई ८२ वर्षांची, खुब्याचे हाड मोडल्यामुळे शस्त्रक्रिया झालेली आणि तिच्या डोक्यावर चार पांढऱ्या ट्यूबलाइट गेले तीन दिवस अखंड जळत असलेल्या. दिवसा जेवढा उजेड, तेवढाच रात्री. सकाळच्या चहाला, दुपारच्या भाताला आणि मध्यरात्रीच्या इंजेक्शनला एकाच रंगाचा, एकाच दिशेने पडणारा, सावली न देणारा उजेड.

"रात्र आहे आई, झोप तू," असे मी म्हणाले. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी तिला फसवत होते. मग ती उठून बसण्याची धडपड करू लागली. म्हशीची धार काढायची राहिली होती, चूल पेटवायची होती आणि कोणीतरी तिला उगाच अडवून ठेवले होते. सलाइनची नळी ओढली गेली, यंत्र कुईकुई वाजू लागले आणि नर्सबाई धावत आल्या. "अज्जी, मलकोरी. इन्नू रात्री ऐती," म्हणजे आजी, झोपा, अजून रात्र आहे, असे त्यांनी मायेने समजावले. आईला मोडके कानडी येते, तिने त्यांनाही तोच प्रश्न त्यांच्या भाषेत विचारला, "बेळगातेनव्वा?" कानडीत बेळगु म्हणजे पहाटेचा उजेड. आमच्या गावाचे नाव वेणुग्रामावरून, म्हणजे वेळूच्या बनावरून आले असे सांगतात, आणि ते मला मान्यही आहे. पण त्या रात्री प्रथमच मला त्या नावात पहाट ऐकू आली, आणि तीही अशा ठिकाणी जिथे पहाट आत येण्याची काहीच सोय नव्हती.

मी नर्सबाईंना दिवे मालवण्याची विनंती केली. त्यांनी चारांपैकी दोन मालवले आणि उरलेल्या दोन दिव्यांविषयी असमर्थता दाखवली. सलाइनचे थेंब मोजायचे असतात, लघवीची पिशवी बघायची असते, बारा खाटांमागे रात्रपाळीला दोघीच असतात, आणि अंधारात एखादा रुग्ण खाटेवरून उतरला तर जबाबदार कोण? त्यांचे काहीच चूक नव्हते. त्या वॉर्डाचा नकाशा ज्याने काढला, त्याला वातानुकूलनासाठी बंद भिंत हवी होती. त्याने खिडकी काढून टाकली तेव्हा तिच्याबरोबर रात्रही निघून जाईल, हे त्याच्या ध्यानात आले नसावे. सकाळी डॉक्टर आले. त्यांनी आईच्या गोंधळाला डेलिरियम म्हणतात असे सांगितले. रक्तातले सोडियम १२४ पर्यंत उतरले होते, वेदनाशामके चालू होती, वय होते, भूल होती. अशी अनेक कारणे एकत्र येऊन वृद्ध माणसाचे भान सुटते, असे ते म्हणाले. उजेडाचे नाव त्यांनी घेतले नाही. मी विचारले तेव्हा मात्र त्यांनी मान डोलावली. "तेही एक कारण आहेच. जमले तर दिवसा खुर्चीत बसवून व्हरांड्यात न्या," असे सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले.

रात्री मी आईला दिलेले उत्तर खरे होते. ते तिला खरे वाटावे असे तिच्या आजूबाजूला काहीच नव्हते.

आईचे सारे आयुष्य खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढच्या एका गावात गेले. आमचे घर मंगलोरी कौलांचे. सोपा, माजघर आणि मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या छपरात एकच काचेचे कौल बसवलेले होते, आणि त्यातून उतरणारा कवडसा हेच आईचे घड्याळ होते. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवरच्या भांड्यांच्या फळीवर असे, आणि पितळेच्या तांब्यावर आला की आम्हा मुलांची शाळेची वेळ झालेली असे. दुपारी तो जमिनीवर उतरून उखळाच्या तोंडाशी येई, आणि ऊन कलले की पूर्वेच्या दाराच्या चौकटीवर चढत चढत विझून जाई. चुलीचा धूर त्या कवडशात शिरला की निळा दिसे, बाहेर पडला की नाहीसा होई. अभ्यासाऐवजी मी तेच पाहत बसे. पावसाळ्याचे चार महिने कवडसा नसे. तेव्हा आई कौलाच्या करड्या रंगावरून वेळ ओळखत असे आणि ती फारशी चुकत नसे. तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसून लखलखीत केली जाई, आणि तरीही त्या कंदिलाचा उजेड इतका थोडा असे की माजघराच्या कोपऱ्यातले भाताचे पोते केवळ अंदाजानेच कळे. पुढे वीज आली, तेव्हाही सोप्यात चाळीस वॅटचा एक पिवळा बल्ब आणि देवापाशी झिरोचा लाल दिवा, एवढेच आले. रात्र रात्रच राहिली.

येथे थोडे थांबून सांगायला हवे की आपल्या पूर्वजांना सारे विज्ञान आधीच ठाऊक होते, या छापाच्या बोलण्याचा मला कंटाळा आहे. तिन्हीसांजेला निजू नये असे आजी म्हणत असे, ते शरीराच्या घड्याळाचा अभ्यास करून नव्हे. त्या वेळी गुरे परत येत, दिवा लावायचा असे, आणि निजलेल्या सुनेने कोणाचेच काम झाले नसते. अंधारात त्या बायकांचे डोळे गेले, धुराने छाती गेली. त्या उजेडाची आठवण मला सुंदर वाटते, कारण त्या चुलीपुढे मी बसले नाही, आई बसली. तरीही एक गोष्ट उरतेच. त्या घरात दिवस आणि रात्र यांच्यात जे अंतर होते, ते आम्ही त्यानंतर बांधलेल्या एकाही घरात राहिले नाही.

आमच्या सोप्यात किल्लीचे एक घड्याळ होते. ते रोज आठ-दहा मिनिटे मागे पडत असे, आणि अण्णा सकाळी सांगली आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की स्टुलावर चढून त्याचा काटा पुढे करत. आईच्या आजारपणात मी जे वाचले, त्यात मला हे घड्याळ अचानक भेटले. आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडे वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. झोप, शरीराचे तापमान, भूक, काही संप्रेरके यांच्या चढउताराची वेळ तोच ठरवतो. हार्वर्डच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की या घड्याळाचा एक फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास असतो, आणि तरुणांत व वृद्धांत त्यात म्हणण्यासारखा फरक नसतो. म्हणजे अण्णांच्या घड्याळासारखेच तेही रोज थोडे मागे पडते, आणि रोज कोणीतरी स्टुलावर चढून त्याचा काटा पुढे करावा लागतो. ते काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. उजेड मिळालाच नाही, किंवा चोवीस तास सारखाच मिळाला, तर घड्याळ बंद पडत नाही. ते आपल्या मनाने चालत राहते आणि आतला दिवस बाहेरच्या दिवसापासून हळूहळू सुटत जातो.

हा उजेड मेंदूपर्यंत कसा पोहोचतो, याची कथा तर आमच्या गावच्या मृगातल्या रात्रींची आठवण करून देणारी आहे, कारण ती बेडकापासून सुरू होते. १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेत प्रकाशाला प्रतिसाद देणारे एक प्रथिन सापडले. त्याचे नाव मेलॅनोप्सिन. पुढे तेच प्रथिन सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातही असल्याचे कळले, आणि २००२ मध्ये हे सिद्ध झाले की दृष्टिपटलातल्या काही थोड्या पेशी स्वतःच उजेड ओळखतात, पण त्यांचे मुख्य काम चित्र दाखवण्याचे नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढाच निरोप त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्यांना सर्वांत जास्त कळतो तो आकाशाचा निळसर प्रकाश. रात्री तसा प्रकाश डोळ्यात शिरला की मेलॅटोनिन हे रात्रीची वर्दी देणारे संप्रेरक कमी पाझरते. शंभर वर्षांहून अधिक काळ डोळ्याचा अभ्यास करणाऱ्या लोकांच्या नजरेतून या पेशी निसटल्या होत्या, याचे मला आश्चर्य वाटत नाही; आमच्याही घरात जो माणूस निमूटपणे रोज काटा पुढे करत असे, त्याच्याकडे आम्ही कधी लक्ष दिले होते?

वय झाले की हा निरोप पोहोचणे अवघड होते. डोळ्याची बाहुली लहान राहते, आणि आतले भिंग वर्षानुवर्षे पिवळे होत जाऊन नेमका निळा प्रकाशच अडवू लागते. हे मी वाचण्याच्या कितीतरी आधी आईने मला सांगितले होते. तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकदा हा डोळा झाकून, एकदा तो झाकून अंगणात वाळत घातलेल्या अण्णांच्या धोतराकडे पाहत बसली होती. "ह्या डोळ्यानं पांढरं दिसतंय बघ, आणि त्या डोळ्यानं हळद लागल्यागत," असे ती म्हणाली. आम्ही सारे हसलो. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन मात्र पुढे ढकलत ढकलत राहूनच गेले. हळदीच्या पडद्याआडून पाहणाऱ्या माणसाला दिवस आहे हे कळायला आपल्यापेक्षा अधिक उजेड लागतो, आणि आपण नेमके त्यालाच घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत ठेवतो. ऊन लागू नये, वारा लागू नये, धूळ जाऊ नये, न्हाणीघर जवळ असावे, अशी त्यामागची सारी कारणे प्रेमाचीच असतात.

व्हरांड्याचा सल्ला मिळाल्यावर मी मोबाइलवर उजेड मोजण्याचे एक ॲप घेतले. त्याचे आकडे काटेकोर नसतात, तरी त्यांतली तफावत पुरेशी बोलकी होती. आईच्या उशाशी दुपारी बारा वाजता १३० लक्स आणि रात्री दोन वाजता ११०. व्हरांड्याच्या टोकाला, जिथून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्यामागे ढगाळ आकाश दिसत होते, तिथे सकाळी साडेआठला चार हजारांच्या वर. तिथपासून आईची खाट तीस पावलांवर होती. २०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन निरोगी प्रौढांसाठी काही प्रमाणे सुचवली आहेत: दिवसा डोळ्यापाशी निदान २५०, झोपण्याआधीचे तीन तास १० पेक्षा जास्त नाही, आणि झोपेत १ पेक्षा जास्त नाही. हे मोजमाप निळ्या प्रकाशाला अधिक वजन देऊन केलेले असते, त्यामुळे माझे मोबाइलचे आकडे त्यांच्याशी थेट ताडून पाहता येणार नाहीत. पण आईचा दिवस पुरेसा उजळ नव्हता आणि रात्र अजिबात काळी नव्हती, एवढे समजायला यंत्राचीही गरज नव्हती.

नवव्या दिवशी आईला टिळकवाडीत दादाच्या फ्लॅटवर आणले. इथे भान परतले, सोडियम सावरले, वॉकर धरून चार पावले पडू लागली, पण रात्र काही परतली नाही. तिची खोली उत्तरेकडची. रस्त्याची धूळ येते म्हणून पडदा ओढलेला. छताला २० वॅटची एलईडी पट्टी. २०१५ च्या अखेरीस कर्नाटकात 'होस बेळकु' म्हणजे नवा उजेड या नावाने स्वस्त एलईडी बल्ब वाटले गेले, तेव्हा दादाने उत्साहाने घरातले सारे पिवळे दिवे काढून टाकले होते, आणि विजेचे बिल खरोखरच कमी झाले होते. दुकानातून पुढे आणलेल्या पट्ट्यांच्या खोक्यावर 'कूल डेलाइट' असे छापलेले असते. दिवसाचा उजेड, तोही थंड! आई सकाळी नऊला डोळा लावी, दुपारी जेवून पुन्हा झोपे, संध्याकाळी त्या पट्टीखाली टीव्ही पाहत दहापर्यंत बसे, आणि रात्री एक वाजता टक्क जागी होऊन वहिनीला हाका मारी. वहिनी बँकेत नोकरी करते. तिच्या डोळ्यांखाली आलेली वर्तुळे पाहून मला आईची दया यावी की तिची, हे कळेनासे झाले. झोपेच्या गोळीविषयी विचारले तर डॉक्टरांनी नकार दिला: गोळीच्या गुंगीत रात्री उठून पुन्हा पडल्या तर दुसराही खुबा जाईल.

मुळात ती पडली होती ती अंधारात. गावच्या घरात, रात्री परसाकडे जायला उठली, आणि माझ्या भाच्याची झोप मोडू नये म्हणून तिने दिवा लावला नाही. त्यामुळे रात्री काळोख हवा असे मी म्हणू लागले तेव्हा दादा चिडला, आणि त्याचे चिडणे योग्यच होते. आम्ही बराच वाद घातला. अखेर मी खडेबाजारातून दोन लहान सेन्सरचे दिवे आणले. पिवळट-नारिंगी उजेडाचे, गुडघ्याच्या खाली भिंतीला लावायचे. माणूस हलला की पेटतात, थांबला की विझतात. एक खाटेच्या पायाशी, एक न्हाणीघराच्या दारापाशी. त्या दिव्यात फरशी आणि वॉकरचे पाय दिसतात, चेहरा दिसत नाही. छताची पट्टी संध्याकाळी सातनंतर लावायची नाही असे ठरले, आणि कोपऱ्यात एक पिवळा दिवा आला. आणि सकाळी सात ते साडेआठ आईची खुर्ची पूर्वेच्या गॅलरीत.

आईला ते मुळीच आवडले नाही. "मला वाळत घालताय काय पापडागत?" असे ती पहिल्या दिवशी म्हणाली. गॅलरीतून तिला दिसत होते ते समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे, एक गुलमोहर आणि दुधाच्या पिशव्या टाकणारा मुलगा. तिसऱ्या दिवसापासून ती त्या मुलाची वाट पाहू लागली. तो येळ्ळूरचा निघाला आणि भाताच्या लावणीविषयी दोघे बोलू लागले. मग तिने गॅलरीतच लसूण सोलायला घेतला. त्यामुळे पुढे जो फरक पडला तो उजेडाचा, त्या मुलाचा, की बारा वर्षांनी कोणीतरी तिला भातशेतीतले विचारल्याचा, हे मला सांगता येणार नाही. फरकही डोळे दिपवणारा नव्हताच. तीन आठवड्यांनी सकाळची डुलकी गेली, दुपारची राहिली. रात्री ती एकऐवजी तीनला जागी होऊ लागली, आणि हाक न मारता पडून राहू लागली. पहाटे चारला उठण्याची तर तिला आयुष्यभराची सवय, आणि म्हातारपणी घड्याळ तसेही थोडे पुढे सरकते, लवकर झोप आणि लवकर जाग. वहिनीला मात्र सलग पाच तास मिळू लागले.

नेदरलँड्समध्ये वृद्धांच्या १२ निवासांत असाच एक प्रयोग फार काटेकोरपणे झाला होता, आणि त्याचा वृत्तांत २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक जण स्मृतिभ्रंशाचे, एकूण १८९. काही निवासांच्या दिवाणखान्यांत दिवसभर सुमारे १००० लक्सचे दिवे लावले, काहींत ३०० च्या आसपासचेच ठेवले. जिथे उजेड जास्त होता तिथे बुद्धीची घसरण थोडी मंदावली आणि उदासी थोडी कमी झाली. दोन्ही ठिकाणी 'थोडी' हा शब्द महत्त्वाचा आहे. पण तोच मला विश्वासार्ह वाटतो. कारण दिव्याने म्हातारपण बरे होते असे कोणी म्हणाले असते, तर मी ते अर्ध्यावर वाचायचे सोडले असते. त्यांनी रात्रीचे दिवे नव्हे, दिवसाचे दिवे वाढवले, याचे मला अधिक कौतुक वाटते. आपण म्हाताऱ्यांच्या झोपेचा विचार नेहमी रात्री, त्यांनी हाक मारली की मगच करतो.

मनात एक सल मात्र राहिला आहे. त्या नऊ दिवसांत तीस पावलांवर आकाश होते. मी आईला तिथे नेले ते सहाव्या दिवशी, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि ॲपने आकडा दाखवल्यावर. कवडशावर वेळ ओळखणाऱ्या बाईच्या मुलीला आकड्याची वाट पाहावी लागली.

आता आषाढ चालू आहे. गेल्या सहा दिवसांत बेळगावला सूर्य दिसलेला नाही; गॅलरीच्या कठड्यावर शेवाळ धरले आहे आणि कपडे पंख्याखाली वाळत आहेत. तरी त्या ढगांखालून सकाळी दोन-अडीच हजार लक्स खाली येतातच, म्हणून शाल पांघरून आईची खुर्ची बाहेर असते. वहिनी माहेरी गेल्यामुळे काल रात्री मी आईच्या खोलीत खाली झोपले होते. मध्येच जाग आली, पुन्हा झोप लागेना, म्हणून कुशीवर वळून मी मोबाइलवर वाचत पडले. वृद्धांची झोप आणि प्रकाश, असाच काहीसा तो लेख होता. पन्हाळीतून पाणी गळत होते. खाटेवर हालचाल झाली आणि पायाशी नारिंगी दिवा पेटला.

"उजाडलं काय गं?"

"नाही आई, तीनच वाजलेत. रात्र आहे अजून."

"रात हाय ते दिसतंय की मला," असे म्हणून तिने खिडकीकडे हात केला. पडदा बाजूला होता आणि काच काळी होती. "तुझ्या तोंडावर उजेड दिसला म्हणून इचारलं. ते इझव आधी."

मी मोबाइल पालथा घातला. थोड्या वेळाने पायाशी असलेला दिवाही आपसूक विझला, आणि आईचा श्वास संथ होत गेलेला मला पावसातून ऐकू येत राहिला.